ह्यांचे पॉडकास्ट आणि माझं माहेर

माझं माहेर माकुणसारला आणि घर सरावलीला. सकाळच्या भाकऱ्या टाकून बोईसरहून गाडी धरली आणि सफाळ्याला उतरून रिक्षा मिळाली, की दुपारच्या जेवणाला मी आईच्या ओट्यावर. इतक्या जवळ माहेर असण्यात एक तोटा आहे. "जवळच तर आहे, संध्याकाळी ये की परत," असं सगळे म्हणतात. आमच्या चाळीत साताऱ्याच्या, जळगावच्या बायका आहेत. त्या गेल्या की पंधरा-पंधरा दिवस येत नाहीत आणि आल्यावर चांगल्या गुटगुटीत दिसतात. मी दोन वर्षांत माहेरी एक रात्र झोपले नव्हते.

लोकांना वाटायचं ह्यांच्या डोळ्यांमुळे. हे एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. काचबिंदू झालेला कळला तेव्हा फार उशीर झाला होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलंही. नोकरी सुटली. पहिलं वर्ष फार वाईट गेलं, त्याबद्दल मी लिहिणार नाही. पण नंतर ह्यांनी घर असं पाठ केलं की मला काही लपवायची सोय उरली नाही. शेवेचा डबा मी कुठेही ठेवला तरी झाकणाच्या आवाजावरून ह्यांना कळतो. आंघोळ, जेवण, चहासुद्धा स्वतःचं स्वतः. तेव्हा अडचण डोळ्यांची नव्हती. अडचण पॉडकास्टची होती.

पॉडकास्ट म्हणजे मोबाइलवर उतरवून ऐकायचे कार्यक्रम. रेडिओसारखेच, फक्त आपल्या सवडीने. ह्यांचा आवडता कार्यक्रम अपघातांचा. कुठे बॉयलर फुटला, कुठे जहाज बुडालं, कुठला पूल कोसळला आणि कुणाच्या हलगर्जीपणामुळे, हे एक गृहस्थ इतक्या शांत आवाजात सांगतात की जणू सत्यनारायणाची कथा चालली आहे. हे जेवताना ऐकतात. इकडे मी वरण वाढते आणि तिकडे जहाजात पाणी शिरत असतं. "बघ, व्हॉल्व्ह कुणी तपासलाच नाही," असं म्हणून हे भात कालवतात.

पूर्वी हे फोनवर सगळं स्वतः करायचे. पडद्यावर बोट फिरवलं की फोन बोलून सांगतो खाली काय आहे ते. मग एके दिवशी त्या कार्यक्रमांच्या ॲपने रूप बदललं. दिसायला झकास झालं, रंगीत चित्रं आली. पण त्या चित्रांना नावंच दिली नव्हती, त्यामुळे हे बोट फिरवायचे आणि फोन म्हणायचा, "बटण. बटण. बटण." कशाचं बटण? "बटण." ह्यांनी धीर करून एक दाबलं तर साठवलेले सगळे कार्यक्रम पुसले गेले.

त्या दिवसापासून ते काम माझ्याकडे आलं. खाली बाण असलेलं चित्र म्हणजे उतरवणे, कचऱ्याच्या डब्याला हात लावायचा नाही, एवढं मी शिकले. पण हे दिवसातून किती वेळा! तव्यावर भाकरी फुगलेली असायची आणि आतून हाक, "अगं, संपला हा. पुढचा लाव." हात पुसून जायचं, लावून यायचं, तोवर भाकरी करपलेली. करपलेली भाकरी मीच खायची.

तशात माकुणसारहून वहिनीचा फोन आला. माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं.

"तू एकुलती एक आत्या हाय," वहिनी म्हणाली. "आत्याशिवाय हळद लागत नाय आमच्याकडं. मांडव पडंल त्या दिवशी आली पायजेस, नि पूजा झाल्यावर जायाचं. सांजच्याला पलायचं बिलकूल चालनार नाय, सांगून ठेवते."

"ह्यांना विचारते," मी म्हटलं.

"इच्यार. पन हो घेऊनच ये."

मी ह्यांना विचारलं. ह्यांनाही आग्रहाने बोलावलं होतं, पण लग्नघरात पसाऱ्यातून ठेचकाळत फिरणं ह्यांना नको होतं. ते लग्नाच्या दिवशी माझ्या थोरल्या दिरांच्या गाडीने येऊन जाणार होते.

"तू जा की," हे म्हणाले. "मी कधी नाही म्हटलं?"

मला इतका आनंद झाला की मी लगेच मनात साड्या काढायला लागले. तेवढ्यात हे म्हणाले, "पण रिलिव्हर कोण?"

कंपनीत अशी पद्धत असते. शिफ्ट संपली, भोंगा झाला, तरी पुढच्या पाळीचा माणूस येऊन समोर उभा राहिल्याशिवाय ऑपरेटरने मशीन सोडायचं नाही. तो माणूस म्हणजे रिलिव्हर. कधीकधी तो दांडी मारायचा आणि हे सलग दोन पाळ्या करून लाल डोळ्यांनी घरी यायचे. नोकरी सुटली, पण ती पद्धत घरी येऊन बसली.

"वरच्या भाभी डबा देतील," मी म्हटलं.

"डब्याचं नाही गं. कार्यक्रम कोण लावणार?"

"भाभीच लावतील."

"म्हणजे मी रोज त्या बाईला जिन्यातून हाक मारू? 'भाभी, ज़रा आके एक दुर्घटना लगा दो'?"

मला हसू आलं ते मी पदरात दाबलं. पण माझं माहेर एका बाणाच्या चित्रावर अडलं होतं, हे खरं.

पालघरला दिसत नसलेल्यांसाठी एक कॉम्प्युटरचा वर्ग चालतो. आमच्या मुलीने तिचा जुना लॅपटॉप दिला तेव्हा हे तिथे थोडे दिवस गेले होते. तिथले सर स्वतःही पाहू शकत नाहीत. वयाने आमच्या जावयाएवढे. मी ह्यांना घेऊन गेले आणि नेहमीसारखी दाराजवळच्या खुर्चीच्या टोकावर बसले. ह्यांनी 'बटण बटण'ची सगळी कथा सांगितली.

सर हसले. "काका, चित्रांच्या नादी लागूच नका. ती डोळेवाल्यांची चैन. आपल्याला अक्षरांची वाट बरी. ती काळी खिडकी उघडायची, एक ओळ लिहायची, एन्टर मारायचं. कॉम्प्युटर काम करतो आणि काय केलं ते ओळीने लिहून देतो. लिहिलेलं असलं की कॉम्प्युटरमधला वाचून दाखवणारा आवाज ते वाचणारच. लपवायला जागाच नाही."

त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी केलं. पडदा काळा झाला. अगदी काळा, एका कोपऱ्यात दोन-चार पांढरी अक्षरं. मला वाटलं मुलीचा लॅपटॉप गेला. बोलावं की नाही ह्या विचारात मी बराच वेळ घालवला आणि शेवटी हळूच म्हटलं, "सर, सगळं काळं झालं आहे."

"असू दे काकू," सर म्हणाले, "मला कुठे फरक पडतो?"

ह्यावर ते आणि हे दोघं इतके हसले की शेजारच्या खोलीतली मुलं पाहायला आली. मी पुन्हा खुर्चीच्या टोकावर.

सरांनी एक छोटा प्रोग्रॅम घालून दिला. परदेशातल्या कुणी केलेला, फुकटचा, दिसायला काही म्हणजे काही नाही. त्याला कार्यक्रमाचा पत्ता एकदा द्यायचा, की तो यादीत लिहून घेतो आणि नंबर देतो. मग 'यादी दाखव', 'नवं काय आलं बघ', 'अमुक नंबरचा ताजा भाग उतरव' असे इंग्रजीतून एका शब्दाचे हुकूम. ह्यांचं इंग्रजी कंपनीच्या पाट्यांवर आणि लॉगबुकावर झालेलं, आणि हुकूमही तसेच होते, स्टार्ट, स्टॉप, चेक असे. ह्यांचा चेहरा खुलला. "ही तर कंपनीतली आपली जुनी पॅनल रूम," हे म्हणाले.

घरी आल्यावर हे रोज सकाळी अंघोळ करून, शर्टाची बटणं लावून त्या काळ्या खिडकीपुढे बसायला लागले. लॅपटॉपचा आवाज एखाद्या सर्दी झालेल्या माणसासारखा आहे. तो मराठीही तसंच बोलतो आणि इंग्रजीही. नेट माझ्या फोनवरून जायचं, ह्यांच्या फोनला आता नुसता बोलण्याचाच रिचार्ज होता. पहिला भाग उतरू लागला तेव्हा तो आवाज म्हणाला, "एक टक्का. दोन टक्के. तीन टक्के." मी पीठ मळत होते. मळून झालं, पोळ्या झाल्या, आणि तो अजून सत्तर टक्क्यांवर. वरच्या मजल्यावरून भाभींनी विचारलं, "दीदी, भैया गिनती सीख रहे हैं क्या?" ह्यांनी सरांना फोन केला, तर कळलं की हुकुमाच्या शेवटी 'शांत रहा' अशा अर्थाचा एक शब्द घातला की तो गप्प बसून काम करतो. मला वाटलं असा शब्द माणसांसाठीही निघायला हवा होता.

मांडवाचा दिवस जवळ येत होता. माझी बॅग अर्धी भरून कपाटामागे उभी होती. आणि नेमकं तेव्हा ह्यांच्या डोक्यात शटडाऊन आलं.

कंपनी वार्षिक दुरुस्तीसाठी बंद व्हायची, तिला शटडाऊन म्हणतात. त्याच्या आधी सगळा कच्चा माल भरून ठेवायचा, ऐनवेळी काही कमी पडायला नको. ह्यांनी विचार केला, बायको नसणार, तिचा फोन नसणार, म्हणजे नेट नसणार. हाच शटडाऊन. तेव्हा स्टॉक करावा. आणि ह्यांनी 'ताजा भाग उतरव' म्हणायच्या ऐवजी 'सगळे उतरव' असा हुकूम दिला.

ते अपघातवाले गृहस्थ बरीच वर्षं सांगत आले होते. जगात अपघात पुष्कळ झालेले आहेत.

संध्याकाळपर्यंत माझ्या फोनचं त्या दिवसाचं नेट संपलं. लॅपटॉप म्हणू लागला, "कनेक्शन नाही. पुन्हा प्रयत्न करत आहे." थोड्या वेळाने परत तेच. सर्दी झालेल्या आवाजात ते फार केविलवाणं वाटायचं.

"बंद करा ना," मी म्हटलं. "झाले तेवढे पुरेत."

हे दचकले. "चालू बॅच मध्येच थांबवायची? अगं, रिॲक्टर अर्धवट थांबवला तर आत माल दगडासारखा घट्ट बसतो. मग आत उतरून छिन्नीने खरवडायला लागतो. एकदा एकाने थांबवला होता. महिनाभर खरवडत होतो आम्ही."

"हा कॉम्प्युटर आहे."

"पद्धत ती पद्धत. बॅच पूर्ण झाली की तू जा. आधी नाही."

म्हणजे आता माझं जाणं बॅचवर अडलं. उद्याचं नेट उद्या मिळणार, तेही दुपारपर्यंत संपणार, आणि अपघात तर समुद्रासारखे. मी हिशोब घातला नाही, पण भाचीला मूलबाळ होईपर्यंत मी सरावलीतच असणार, एवढं दिसत होतं.

हे म्हणाले, "भाभींकडे माग ना थोडं नेट."

मी ह्या चाळीत इतकी वर्षं आहे, पण कुणाकडे विरजणसुद्धा मागितलेलं नाही. दही संपलं तर मी दह्याशिवाय आठवडा काढते. पण माहेरचा मांडव डोळ्यांपुढे आला आणि मी जिना चढले. भाभींचं दार उघडंच होतं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. भाभी बिहारकडच्या, त्यांचे यजमान एमआयडीसीतच आहेत, मनाने फार चांगल्या, पण आवाज भोंग्यासारखा.

"अरे दीदी! आओ, आओ."

मी गेले नाही. पदराचं टोक पिळत राहिले.

"क्या हुआ? भैया ठीक हैं?"

मी मान हलवली.

"कुछ झगड़ा हुआ?"

मी परत मान हलवली. पण मला वाटतं ती उभी हलली असावी, कारण भाभी चपला घालत म्हणाल्या, "चलो, मैं बात करती हूँ उनसे!" आणि माझ्या पुढे जिना उतरायला लागल्या.

"नाही नाही, नेट," मी मागून म्हटलं. "थोडा नेट चाहिए."

भाभी अर्ध्या जिन्यात थांबल्या. "नेट? बस नेट?" आणि तिथेच उभं राहून त्या इतक्या हसल्या की तळमजल्यावरच्या साताऱ्याच्या वहिनी आणि समोरच्या जळगावच्या ताई, दोघी बाहेर आल्या. मग सगळ्यांना कळलं. मला जमिनीत जावंसं वाटलं, पण जमीन आमच्याकडे सिमेंटची आहे.

मात्र एक गोष्ट मला माहीत नव्हती. प्रत्येकीचं रोजचं नेट संध्याकाळी थोडंफार उरतं आणि फुकट जातं. उरलेली भाजी आपण शेजारी देतो, तसं ते द्यायला कुणाची हरकत नसते. साताऱ्याच्या वहिनी म्हणाल्या, "अहो, माझं तर रोज वाया जातंय. एवढं सांगायला तुम्हाला जिना चढावा लागला?"

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी आमच्या खिडकीत मोबाइल ठेवायला बायका येऊ लागल्या. हे लॅपटॉपवर जवळच्या नेटची यादी ऐकायचे आणि जिचं असेल ते जोडायचे. पहिल्याच दिवशी सर्दी झालेला आवाज मोठ्याने म्हणाला, "अपना रिचार्ज खुद करो. सिग्नल उत्तम."

सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. ते भाभींच्या फोनचं नाव होतं.

"ये हमारे उनका काम है," भाभी तोंडावर हात घेऊन म्हणाल्या. "बस में दूसरे लोग नेट माँगते हैं ना, इसलिए."

"चांगलं आहे," हे गंभीरपणे म्हणाले. "निदान पाटी तरी लावली आहे."

आता नेट दिलं म्हटल्यावर बायका नुसत्या परत थोड्याच जाणार? भाभींना सासू-सुनेची एक लांबलचक गोष्ट सांगणारा हिंदी कार्यक्रम हवा होता. जळगावच्या ताईंना केस गळण्यावर काहीतरी. साताऱ्याच्या वहिनींनी दोन दिवस विचार करून कमी तेलातल्या पाककृती सांगितल्या. ह्यांनी सरांना फोन करून एकेकीच्या कार्यक्रमाचा पत्ता मिळवला आणि यादीत घातला. हे काम बॅच चालू असताना लॅपटॉपवरच्या दुसऱ्या काळ्या खिडकीतून चालायचं. "साइड लाइन काढली," हे म्हणाले. दोन वर्षांत ह्यांना कुणी काही काम सांगितलं नव्हतं. आता बायका दारातून ओरडून विचारायच्या, "झालं का भाऊ आमचं?" आणि हे म्हणायचे, "लाइनीत आहे, लाइनीत आहे." मीही भाभींची गोष्ट ऐकायला लागले, भाजी निवडता निवडता. त्यातली सासू मला फार पटायची नाही.

बॅच मात्र संपेना. मांडव दोन दिवसांवर आला. वहिनीचा रोज फोन. "निंगालीस का?" "निघते." "निंगते निंगते काय, नवरीच निंगंल तुज्या अगोदर!"

मग एका दुपारी लॅपटॉप म्हणाला, "जागा उरलेली नाही," आणि गप्प झाला. बॅच आपोआप थांबली. लॅपटॉप काठोकाठ भरला होता.

हे कपाळाला हात लावून बसले. मला वाटलं अपघातवाल्या गृहस्थांचे पुढचे भाग राहिले म्हणून वाईट वाटलं असेल. ते तसं नव्हतं. "टाकीची लेव्हल न बघता पंप चालू ठेवला," हे म्हणाले. "ओव्हरफ्लो. माझ्या उभ्या नोकरीत कधी झाला नाही." आणि हे अशा आवाजात म्हणाले की जणू आता त्यांच्यावरच एक भाग निघणार होता.

सरांना फोन लावला. सर पलीकडून हसत सुटले. "काका, थांबवायचं होतं की! कंट्रोल धरून सी दाबायचं. काही घट्ट बसत नाही. जिथे थांबलं तिथून पुन्हा सुरू होतं."

"मध्येच थांबवलं तरी?"

"मध्येच थांबवलं तरी."

हे ऐकून ह्यांनी फोन ठेवला आणि जुने भाग पुसून यादी नव्याने लावायला बसले. अधूनमधून म्हणायचे, "काहीच घट्ट बसत नाही म्हणतात," आणि मान हलवायचे. मी बॅग कपाटामागून काढून दाराशी आणून ठेवली. ह्यांना तिचा आवाज ऐकू गेला.

"ट्रायल घ्यायची," हे म्हणाले. "तू बाहेर जा. दार लोटून घे. काही झालं तरी आत यायचं नाही, बोलायचं नाही. तू माकुणसारला आहेस असं समज. मी ह्याच आठवड्याचा नवा भाग काढून दाखवतो. निघाला तर सकाळची गाडी धर."

"आणि नाही निघाला तर?"

ह्यांनी लॅपटॉप पुढे ओढला.

मी बाहेर गॅलरीत उभी राहिले. भाभी कपडे वाळत घालायला आल्या होत्या, त्याही थांबल्या. आतून टकटक ऐकू येत होती. मग लॅपटॉपचा आवाज, "पूर्ण झाले." माझा जीव भांड्यात पडला. ह्यांनी भाग लावला. आणि शांत आवाजातल्या गृहस्थांच्या जागी एक बाई मोठ्या उत्साहाने म्हणाल्या, "मैत्रिणींनो, कोंडा का होतो?"

भाभींनी ओला टॉवेल तोंडात कोंबला.

मला लगेच कळलं काय झालं ते. ह्यांनी अपघातांचा नंबर पाठ केला होता, पण ओव्हरफ्लोनंतर यादी नव्याने लावताना बायकांचे कार्यक्रम आधी गेले होते. नंबर बदलले होते. आधी यादी ऐकायची, एवढंच. एक शब्द. मी दाराच्या फटीशी तोंड नेलं. भाभींनी मला दंडाला धरून मागे ओढलं.

"मत बोलो, दीदी."

"पर नंबर..."

"मत बोलो. बोलोगी तो शादी गई."

आत कोंड्यावरची बाई लिंबाचा रस सांगत होती. ह्यांनी ती बंद केली. मग काहीच आवाज नाही. असा बसलेला माणूस मी पहिल्या वर्षी खूप पाहिला होता, आणि माझे हात आपोआप दाराकडे गेले. भाभींनी तेही धरले. आम्ही दोघी दारात अशा उभ्या होतो की खालून येणाऱ्या माणसाला वाटावं आमची मारामारी चालली आहे. साताऱ्याच्या वहिनींना तसं वाटलंही. त्या वर आल्या आणि कुणाची बाजू घ्यावी ह्या विचारात पडल्या.

मग आतून ह्यांचा आवाज आला. स्वतःशीच बोलत होते. "लाइन बदलली की व्हॉल्व्हचे नंबर बदलतात. आधी पाट्या वाचायच्या, शहाण्या." टकटक झाली. सर्दी झालेल्या आवाजाने यादी वाचली. एक, केस. दोन, पाककृती. तीन, सासू. चार, अपघात. पुन्हा टकटक. आम्ही तिघी श्वास धरून. आणि मग त्या शांत गृहस्थांनी सांगायला सुरुवात केली की एका बंदरातल्या गोदामाला आग लागली तेव्हा पहारेकरी झोपला होता. मला आजवर कुठल्या आगीचा एवढा आनंद झालेला नाही.

ह्यांनी दार उघडलं. आम्ही दाराला इतक्या चिकटून होतो की ह्यांचा हात आधी भाभींच्या टॉवेलला लागला.

"किती जणी आहात?" हे म्हणाले.

"मी एकटीच," मी म्हटलं.

"खोटं बोलतेस. जा, बॅग भर."

"भरली आहे."

"माहीत आहे मला. महिनाभर कपाटामागे होती."

सकाळच्या गाडीने मी निघाले. लग्नघरी पोचले तेव्हा मांडवाला केळीचे खांब बांधत होते. वहिनीने मला पाहिलं, बॅग पाहिली, बॅगेचं वजन हाताने बघितलं आणि मग बोलली, "आली रं आली, ऱ्हायाला आली!" आणि सगळ्या बायका पाहायला आल्या, नवरीपेक्षा माझ्याकडे जास्त. मला फार लाजल्यासारखं झालं. आईच्या खोलीत मी खाली अंथरूण घातलं. आई म्हणाली, "जावयांना एकटं टाकून आलीस?" मी म्हटलं, "त्यांनीच पाठवलं." तिने माझ्या उशाला तिची उशी दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला राहवेना. मी वाडीत नारळीखाली जाऊन ह्यांना फोन लावला. घंटा वाजत राहिली. परत लावला. परत नाही. काय काय मनात आलं ते लिहीत नाही. तिसऱ्यांदा उचलला. मागे बायकांचा गलका.

"जेवलात का?" मी म्हटलं.

"जेवलो. पटकन बोल."

"काय झालं?"

"काही नाही. भाभींचा चालू आहे, त्यानंतर पाककृती, त्या जळगाववाल्या केव्हाच्या बसल्यात. आज नवे भाग आले आहेत सगळ्यांचे एकदम. भाभींनी फोन इथेच ठेवलाय नेटसाठी. तू ठेव आता, मध्ये कुणाचं तरी राहायचं."

मागून भाभी ओरडल्या, "दीदी, सास घर छोड़ के चली गई!" आणि ह्यांचा आवाज, "भाभी, सांगू नका तिला, ती आल्यावर ऐकेल," आणि फोन बंद.

इतक्या दिवसांची धडपड ह्याचसाठी होती, की मी नसले तरी तिकडे अडू नये. ते अडलं नव्हतं. जरा तरी अडायला हवं होतं असंही वाटून गेलं, पण ते लगेच गेलं. ती सासू नक्की कुठे गेली असेल हे मात्र डोक्यातून जाईना.

मांडवात परत आले तर वहिनी हळदीची तयारी करत होती.

"काय म्हनतात दाजी? करमत नसंल ना?"

"नाही गं. कामात आहेत."

वहिनी माझ्याकडे बघत राहिली. ह्यांच्याबद्दल असं वाक्य घरात किती दिवसांनी कुणी बोललं होतं. मग तिने पाटा माझ्या पुढे सरकवला.

"मंग तू कशाला उभी? बस. लाग कामाला."